आण्णांच्या एमपीथ्री प्लेअरवर अभंगांचा क्रम उलटसुलट लागतोय, काय करू?

पेठेतली_लेक

नमस्कार मंडळी. जरा लांबड लागणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला कळायचं नाही म्हणून लिहिते.

आमचे आण्णा आता ७६ चे. इथं कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर ३५ वर्षं काढली आणि संध्याकाळी हातपाय धुतले की पेठेतल्या भजनी मंडळात पखवाज. गेल्या तीन वर्षांत काचबिंदूनं नजर बरीच गेली, समोरचं थोडं दिसतं, बाजूचं काहीच नाही, त्यामुळं रात्रीचं मंडळात जाणं बंद झालं आणि घरात बसून माणूस कंटाळून गेला. फोनवर लावून देऊन बघितलं. शिकायची इच्छा नाही असं अजिबात नाही, चार महिने मनापासून प्रयत्न केला त्यांनी, पण लेथवर काम करून बोटांना असे घट्टे पडलेत की स्क्रीनवर बोट टेकलं तरी फोनला कळत नाही, आणि कळलं तर भलतंच उघडतं, मधेच जाहिरात लागते, एकदा तर रात्री दहाला कुणा पाहुण्याला व्हिडिओ कॉल लागला.

म्हणून बटणांचा छोटा एमपीथ्री प्लेअर घेतला, दीड हजाराच्या आत. काडेपेटीहून थोडा मोठा, मागं शर्टाला लावायची क्लिप, पाच बटणं, कार्डाची खाच, इअरफोनचं भोक आणि एक बारकासा स्पीकर. आण्णांना पहिल्याच दिवशी बटणं पाठ झाली. हातात घेतलं की अंगठ्यानं चाचपून बरोबर मधलं बटण दाबतात.

आता अडचण. मी एका कार्डावर ४२ फाइली टाकल्या, नावात १ ते ४२ नंबर घालून. आधी गजर, मग रूपाचे अभंग (विठ्ठलाच्या रूपाचं वर्णन असतं ते), मग बाकीचे, मग गौळणी, शेवटी भैरवी आणि आरती एकाच फाइलीत. मंडळात बसतात तसा क्रम. लॅपटॉपवर सगळं बरोबर दिसतं. प्लेअरवर लावलं की पहिल्यांदा भैरवी! मग गजर, रूपाचे अभंग हे ठीक, आणि मधेच दोन गौळणी घुसल्यात. आण्णा म्हणाले, "अगं, बसायच्या आधीच उठवतोय की हा." त्यांना हे फार लागतं. तुम्हाआम्हाला गाणं म्हणजे गाणं, पुढचं लागलं काय मागचं लागलं काय, पण भजनात रूपाच्या आधी भैरवी म्हणजे त्यांना जेवायच्या आधी हात धुवून पाट उचलल्यासारखं होतं.

दुसरं, माझ्या नवीन फोनच्या चार्जरवर हा प्लेअर चार्जच होत नाही, जुन्या चार्जरवर होतो. प्लेअर खराब लागलाय का? परत करू का?

आणि तिसरं, मंडळाच्या जुन्या ९० च्या दशकातल्या ११ कॅसेट घरात आहेत, आण्णांचाच पखवाज आहे त्यात. त्या यात घालता येतील का? कुणी केलंय का असं?

लेथवाल्याचा_पोरगा

ताई, प्लेअर परत द्यायला जाऊ नका, तो बिघडलेला नाही. माझे वडील पण उद्यमनगरातच होते त्यामुळं घट्ट्यांचं लगेच कळलं. फोनची काच बोटातली बारीकशी वीज ओळखते, कातडी सुकी आणि जाड झाली की तिला बोट लागल्याचं समजत नाही. बटणाला असलं काही लागत नाही, दाबलं की दाबलं.

क्रमाचं सांगतो. कार्डावर फाइलींची एक यादी असते, शाळेतला हजेरीपट समजा. लॅपटॉप तो हजेरीपट वाचतो आणि स्वतः नावाप्रमाणं लावून तुम्हाला दाखवतो, म्हणून तिथं सगळं सरळ दिसतं. स्वस्तातले बरेच प्लेअर तेवढी मेहनत घेत नाहीत, हजेरीपटात ज्याचं नाव आधी लिहिलंय तो आधी गाणार. म्हणजे तुम्ही नंबर काय दिला याला किंमत नाही, कॉपी होताना कोण आधी गेला याला किंमत.

आणि भैरवीच पहिली का? तुम्ही सगळ्या फाइली सिलेक्ट केल्या आणि माउस शेवटच्या फाइलीवर धरून ओढलं असणार. विंडोजमध्ये ज्या फाइलीला धरून ओढता ती आधी जाते आणि मग बाकीच्या पहिल्यापासून. मधल्या गौळणींचं, तुम्ही मागनं दोन फाइली डिलीट करून दुसऱ्या टाकल्या असतील बघा. डिलीट केलेल्याची हजेरीपटातली ओळ रिकामी होते आणि नवीन आलेला त्या रिकाम्या ओळीत जाऊन बसतो.

करायचं असं. सगळं परत लॅपटॉपवर एका फोल्डरात घ्या. नावं ००१, ००२ अशी तीन आकडी करा, नुसतं १, २ ठेवलं तर काही प्लेअर १ नंतर १० लावतात. मग कार्ड फॉरमॅट करा, फॅट३२ निवडायचं, फॉरमॅटनं हजेरीपट कोरा होतो. आता सगळं सिलेक्ट करून ००१ लाच धरून ओढा. झालं. पुढं कधी एखादी फाइल बदलायची झाली तर परत सगळं करत बसायला नको, ड्राइव्हसॉर्ट म्हणून छोटा प्रोग्रॅम आहे, लिनक्सवर असाल तर फॅटसॉर्ट, तो कार्डावरचा हजेरीपटच नावाप्रमाणं लिहून देतो. एवढं करूनही क्रम चुकला तर तुमचा प्लेअर फाइलीच्या नावाकडं न बघता तिच्या आत लिहिलेल्या टॅगमधला ट्रॅक नंबर बघतोय असं समजा. एमपीथ्रीटॅग नावाच्या प्रोग्रॅमात सगळ्या फाइली घालून एका दमात नंबर देता येतात. आणि कार्ड काढताना इजेक्ट करूनच काढा, नुसतं उपसू नका.

कार्ड ३२ जीबीचंच घ्या, त्याच्यावर जाऊ नका. ६४ पासून पुढची कार्डं एक्सफॅट करून येतात, ती असले प्लेअर बऱ्याचदा वाचत नाहीत. आणि ३२ पण लय झालं हो. १२८ केबीपीएसची एमपीथ्री मिनिटाला साधारण १ एमबी खाते, म्हणजे ३२ जीबीत ५०० तासांच्या वर भजन बसतं.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. मी एका ठिकाणी रस्त्यावर १२८ जीबीचं कार्ड एकदम स्वस्तात घेतलं होतं. लॅपटॉप १२८ च दाखवायचा, पण आत खरी जागा ८ जीबी. आठच्या पुढं जे टाकलं ते सगळं मातीत गेलं आणि त्यात बहिणीच्या लग्नातलं सनईचं रेकॉर्डिंग होतं, दुसरी कॉपी नव्हती. तेव्हापासून नवीन कार्ड आणलं की आधी एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा प्रोग्रॅम लावून पूर्ण भरून तपासतो. तुम्ही कॅसेटचं काम करणार असाल तर हे कराच, आणि मूळ कॉपी लॅपटॉपवर वेगळी ठेवा.

रंकाळा_पहाटे

पोरी, चार्जिंगचं मी सांगतो, कारण ह्याच गोष्टीपायी मी एक चांगला प्लेअर मेला म्हणून ड्रॉवरमध्ये टाकून दिला होता. तुझ्या नवीन फोनच्या वायरीला दोन्ही टोकं सी टाइपची असणार. त्या वायरीत चार्जर आधी विचारतो की पलीकडं कोण आहे, आणि पलीकडच्या वस्तूत दोन बारके रेझिस्टर असले तरच तो करंट सोडतो. स्वस्तातल्या वस्तूत ते रेझिस्टर घातलेले नसतात, त्यामुळं चार्जर गप्प. जुन्या चार्जरला एका बाजूला मोठं चपटं यूएसबी असतं, तो काही विचारत नाही, ५ व्होल्ट सरळ देतो. तेव्हा आण्णांच्या प्लेअरला जुनीच वायर कायमची बांधून ठेव, तिला लाल दोरा गुंडाळ म्हणजे घरात दुसरं कुणी उचलणार नाही.

बॅटरीबद्दल. आत लिथियमची पातळ पाकिटासारखी बॅटरी असते. ती पूर्ण उतरवून महिनोन्‌महिने ठेवली की मरते. वापरत नसलात तरी अर्धी भरून ठेवायची. उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवायची नाही. आणि प्लेअरचं पाठीमागचं झाकण फुगल्यासारखं, बोटाला उंच लागलं तर त्याच क्षणी वापर बंद, चार्जिंगला तर अजिबात लावायचा नाही, टोचून दाबून बघायचं नाही.

माझ्याकडं सॅनडिस्कचा क्लिप प्लस आहे, बारा-तेरा वर्षं झाली. रोज पहाटे रंकाळ्याला शालिनी पॅलेसच्या बाजूनं चालायला लागतो तेव्हा खिशाला तो असतो, फोन घरी. साडेपाचला पाण्यावर धुकं असतं, म्हशी धुवायला यायच्या असतात अजून, आणि कानात एकच राग, मधे कुणाचा मेसेज नाही की टिंग नाही. फोन नेला की मी दर शंभर पावलाला तो काढून बघतो हे मला माझं माहीत आहे, म्हणून नेत नाही. त्यात एफएम पण आहे, आकाशवाणी कोल्हापूर १०२.७ वर स्वच्छ लागतं, फक्त इअरफोन लावलेला पाहिजे, कारण त्याची वायर हीच एरियल.

त्याची बॅटरी मी एकदा बदलून घेतली. पहिल्यांदा ज्याच्याकडं दिला त्यानं मापाची नाही म्हणून जाड बॅटरी कोंबली आणि झाकण चिकटवून दिलं, आठवड्यात झाकण उचकटलं. मग मला कळलं की बॅटरीवरच माप छापलेलं असतं. ४०२०३० लिहिलंय म्हणजे जाडी ४ मिलिमीटर, रुंदी २०, लांबी ३०. तोच नंबर घेऊन गेलो, दुसऱ्या एका पोरानं राजारामपुरीत लाल-काळी वायर सोल्डर करून अर्ध्या तासात दिला. तू आत्ताच एकदा झाकण उघडता आलं तर तो नंबर लिहून ठेव. प्लेअरला असून असून होतंय काय, आधी बॅटरीच जाते.

गंगावेश_कट्टा

एवढं सगळं करण्यापेक्षा सारेगामाचा कारवाँ घ्या की सरळ! २०१७ ला आला तेव्हापासून आमच्या आजीकडं आहे, ५००० गाणी आधीच भरलेली, मोठं गोल बटण फिरवायचं, काही कटकट नाही. मराठीतला पण मिळतोय.

पेठेतली_लेक

दादा, कारवाँ चांगलाच आहे, माझ्या मावशीकडं आहे आणि ती खूश आहे. पण आण्णांना प्रसिद्ध गायकांचं नकोय, त्यांना त्यांच्या मंडळातल्या माणसांचे आवाज पाहिजेत. आणि हा शर्टाला लावून ते गॅलरीत, मोरीत, गच्चीवर कुठंही फिरतात, एका हातात काठी असते त्यामुळं दुसरा हात मोकळा लागतो.

लेथवाल्या दादा, तुम्ही सांगितलं ते तंतोतंत खरं निघालं, मी ४२ नंबरच्या फाइलीला धरूनच ओढलं होतं आणि दोन फाइली नंतर बदलल्या होत्या. आज रात्री करते. काका, वायर पण तीच भानगड आहे, लाल दोरा बांधला. कॅसेटचं कुणी सांगाल का?

तंबोऱ्याखाली

ताई, कॅसेटचं काम मी माझ्या गुरुजींच्या तालमीच्या टेपांसाठी केलंय, ६० च्या वर कॅसेट झाल्या, तेव्हा जे हाताला लागलं ते सांगते.

पहिलं म्हणजे कॅसेट लगेच लावू नका. वीस-तीस वर्षं पडून टेपचे वेढे एकमेकाला चिकटलेले असतात. आधी एकदा शेवटपर्यंत पुढं आणि परत मागं फिरवून घ्या, आणि टेपरेकॉर्डरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून पुसा, कापूस तपकिरी होतो बघा, तो सगळा आवाजावर बसलेला मळ. कॅसेटच्या आत जो फोमचा किंवा पत्र्याचा बारका पॅड असतो तो पडला असेल तर आवाज एकदम दबका येतो, अशी कॅसेट बाजूला ठेवा, दुसऱ्या कॅसेटचं कवच घालून ती दुरुस्त होते.

मग टेपच्या इअरफोनच्या भोकातनं वायर काढून लॅपटॉपला. लॅपटॉपचं भोक बहुतेक माइकचं असतं, त्यात आवाज फाटतो, म्हणून लाइन-इन असलेलं यूएसबीचं साउंड कार्ड घ्या. ऑडॅसिटी हा फुकट प्रोग्रॅम आहे. कॅसेट जेवढी मोठी तेवढाच वेळ लागतो, ९० मिनिटांची असेल तर दीड तास बसायचंच, त्याला शॉर्टकट नाही. आवाजाचा काटा लाल रंगात जाऊ देऊ नका, पखवाजाची थाप अचानक मोठी येते तिथं हमखास फाटतं, म्हणून आधी सगळ्यात जोराचा भाग वाजवून बघून पातळी कमी ठेवा. कमी आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही.

मूळ रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅकमध्ये ठेवा, त्यात आवाजाची काटछाट होत नाही, प्लेअरसाठी वेगळी एमपीथ्री काढा. मंडळाचं रेकॉर्डिंग एका माइकवरच केलेलं असणार, मोनो काढलं तरी चालतं. आणि ऑडॅसिटीत प्रत्येक अभंग सुरू होतो तिथं लेबल लावलं की शेवटी सगळ्याच्या वेगळ्या फाइली एकदम काढता येतात, नंबर घालून. तुमचा क्रमाचा प्रश्न तिथंच सुटला.

अजून एक. आण्णांना स्क्रीन दिसत नाही ना? तसंही या प्लेअरवर देवनागरी नावांचे चौकोनच दिसतात. तुम्ही प्रत्येक भागाच्या आधी दोन-तीन सेकंदांची एक फाइल टाका, घरातल्या कुणाच्या तरी आवाजात, "रूपाचे अभंग", "गौळणी", "भैरवी". पुढचं बटण दाबत गेलं की कुठं आहोत ते कानाला कळतं. माझ्या एका विद्यार्थ्याला अजिबात दिसत नाही, त्याच्या प्लेअरवर आम्ही रागांची नावं अशीच घातलीत, तो मिनिटाच्या आत पाहिजे त्या बंदिशीवर जातो.

आणि हे काम नंतर कधीतरी म्हणून ठेवू नका. अल्लादियाखाँसाहेब याच गावात दरबारी गवई होते, एवढं मोठं घराणं इथं वाढलं, आणि त्यांच्या गाण्याची एकही तबकडी निघाली नाही. त्यांच्या शिष्या केसरबाईंचा आवाज १९७७ ला व्हॉयेजर यानातनं अवकाशात गेला, आणि खाँसाहेब कसे गायचे हे आपल्याला दुसऱ्यांच्या सांगण्यावरनंच कळतं. मला याचं रोज वाईट वाटतं. तुमच्याकडं ११ कॅसेट आहेत, टेप आहे आणि वाजवणारा माणूस समोर बसलाय.

कानाचं_बघा

मी कानाच्या दवाखान्यात काम करतो म्हणून थोडक्यात. ३५ वर्षं लेथच्या आवाजात काढलेल्या माणसाचे बारीक आवाज ऐकू येणं आधीच कमी झालेलं असतं, मग ते व्हॉल्यूम वाढवत जातात. जागतिक आरोग्य संघटनेचं मोठ्या माणसांसाठी सांगणं आहे की आठवड्याला ४० तास ऐकायचं तर सरासरी ८० डेसिबलच्या आत. घरात डेसिबल कोण मोजणार, तर साधी खूण म्हणजे इअरफोन लावलेला असताना तुम्ही हातभर अंतरावरनं नेहमीच्या आवाजात हाक मारली आणि त्यांना ऐकू आली तर ठीक. प्लेअरच्या सेटिंगमध्ये व्हॉल्यूमची मर्यादा असेल तर लावून टाका. आणि एकदा कानाची तपासणी करून घ्या, डोळ्याच्या नादात कान राहून जातो.

पेठेतली_लेक

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला, पण सगळं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

क्रम एकदम सरळ झाला. कार्ड नवीन आणलं, तपासून घेतलं, फॉरमॅट करून ००१ ला धरून ओढलं. पहिल्यांदा गजर लागला तेव्हा आण्णा काही बोलले नाहीत, नुसते मांडी घालून सावरून बसले, आणि रूपाचा अभंग सुरू झाल्यावर मांडीवर ठेका धरला. भैरवी येईपर्यंत उठले नाहीत, पाणीसुद्धा मागितलं नाही.

मधल्या बटणावर एमसीलचा बारका थेंब लावला, वाळल्यावर घासून गोल केला. इअरफोनमधनं हाक मारून बघितली, पहिल्या दिवशी ऐकूच गेली नाही त्यांना, आता मर्यादा लावलीय. कानाची तपासणी पुढच्या मंगळवारी आहे.

बोलत्या पाट्या माझ्या धाकटीनं केल्या, दुसरीत आहे. "आण्णा, आता गौळण" असं म्हणते. आण्णांना गौळणीपेक्षा तेच जास्त आवडलंय की काय असं वाटतं, पुढं जाऊन परत मागं येतात.

कॅसेट ११ पैकी ७ झाल्या. दोघींचा पॅड पडलाय, त्या बाजूला ठेवल्यात. तिसऱ्या कॅसेटच्या सुरुवातीला भजन सुरू व्हायच्या आधीची चार मिनिटं आहेत, माणसं बसतायत, टाळांची पिशवी सोडल्याचा आवाज, कुणीतरी चहाचं विचारतंय, आणि आण्णा पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतायत, एक थाप मारून म्हणतात, "थांबा, कणीक ओली हाय अजून." त्यांचा तेव्हाचा आवाज. मी ऑडॅसिटीत तेवढं कापायला निघाले होते, कारण लेबल अभंगापासून लावायचं ठरलं होतं. आण्णा शेजारीच बसले होते. माझ्या हातावर हात ठेवला आणि कोण कोण बोलतंय ते एकेकाचं नाव घेऊन सांगायला लागले, त्यातले तिघं आता नाहीत.

ती चार मिनिटं तशीच ठेवलीत. त्या फाइलीला नंबर ००० दिलाय.